दुसरी चावी

कुंदा पत्तेवार झरी जामणीकडच्या एका गावातून गाडी चालवत यवतमाळला घरी आली तेव्हा गाडीची चावी मागे रस्त्यात कुठेतरी पडली होती. हे तिला घरी पोचेपर्यंत कळलं नाही.

तिचं आणि वामनरावांचं चष्म्याचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. दुकान वामनराव सांभाळतात आणि कुंदा डोळे तपासते. आठवड्यातले काही दिवस ती बाहेरगावी जाते. पांढरकवड्याला एका दवाखान्यात बसते, बाजाराच्या दिवशी बोरी अरबला असते, महिन्यातून एकदा झरी जामणीच्या बाजूला. पूर्वी एसटीने जायची. सोबत भिंगांची लाकडी पेटी असायची. ती वाहून वाहून उजवा खांदा धरला, तेव्हा दोघांनी एक जुनी गाडी घेतली. पांढरी, लहान, बटन दाबून सुरू होणारी. चावी खोचायची गरज नाही, जवळ असली म्हणजे झालं.

त्या दिवशी दुपारी काम आटोपल्यावर पेटी गाडीत ठेवायची होती. हातात पेटी, खांद्याला पर्स. तिने चावी क्षणभर टपावर ठेवली. पेटी पुढच्या सीटवर ठेवली, दार लावलं, फिरून आपल्या बाजूला आली आणि बटन दाबलं. चावी डोक्यावर, टपावरच होती, म्हणून गाडी सुरू झाली. थोडं पुढे गेल्यावर गाडी टिंग टिंग करू लागली. कुंदाला त्याची सवय होती. पेटीचं वजन सीटवर पडलं की गाडीला माणूस बसल्यासारखं वाटायचं आणि बेल्ट लावा म्हणून ती वाजायची. या वेळी ती दुसरंच काही सांगत होती. कुंदाने रेडिओचा आवाज वाढवला.

वाटेत ती कुठे थांबली नाही. घरासमोर गाडी उभी करून तिने बंद केली आणि पर्समध्ये हात घातला. चावी नव्हती. पुन्हा बटन दाबलं तर समोरच्या काचेखाली चावीचं चित्र आलं आणि त्यावर काट मारलेली होती.

दुसऱ्या दिवशी दोघं भाड्याच्या गाडीने परत गेले. गाडी जिथे उभी होती तिथपासून पहिल्या मोठ्या वळणापर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडा पायी पाहिल्या. कुंदा एका बाजूने, वामनराव दुसऱ्या बाजूने. गवत वाळलेलं होतं, त्यामुळे दिसायला सोपं होतं. गुटख्याच्या पुड्या दिसल्या, एक चप्पल दिसली, बैलाच्या गळ्यातली तुटलेली घुंगरमाळ दिसली. चावी काही दिसली नाही. काठी टेकत आलेल्या एका म्हाताऱ्याने काय शोधता म्हणून विचारलं. सांगितल्यावर तो म्हणाला, "इथून गिट्टीचे ट्रक जाते. चाकाखाली आली असन."

परतताना पांढरकवड्याजवळ वामनरावांनी म्हटलं, "टपावर ठेवली काहून पण?"

"हात मोकळा नव्हता," कुंदा म्हणाली.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या मुलीने सगळं नीट ऐकून घेतलं. एकही चावी नसेल तर गाडी उचलून नागपूरला न्यावी लागेल, चावीसोबत गाडीतला एक भागही बदलावा लागेल, सामान मागवावं लागेल. वेळ सांगता येत नाही. खर्च चाळीस हजारांच्या पुढे जाईल. गाडी जुनी होती, वामनरावांनी घासाघीस करून घेतलेली. तिच्या चावीला इतके पैसे घालायचे हे दोघांनाही पटेना. पण गाडीशिवाय कुंदाचं काम अडलं होतं. पांढरकवड्याच्या दवाखान्याला तिने तब्येतीचं कारण सांगून दोनदा टाळलं होतं.

दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाने अमरचं नाव सांगितलं. अमर मोटारींच्या चाव्या करून देतो. त्याच्याकडे एक व्हॅन आहे, व्हॅनमध्ये लॅपटॉप आणि यंत्रं. तो येऊन गाडी पाहून गेला.

"होते," तो म्हणाला. "पण एकही चावी नाही तर गाडी उघडून आतलं सर्किट काढावं लागते. टाइम लागते, रिस्क असते, पैसे बी लागते. चालू चावी एक असली तर काम अर्ध्या तासाचं आहे. चौथ्या हिश्शातही होऊन जाईन. दुसरी कुठं गेली?"

"एकच होती," वामनराव म्हणाले.

"कंपनी दोन देते. ज्याच्याकडून घेतली त्याले विचारा. घरात पडलेली असते लोकांच्या."

वामनरावांना ते चांगलं आठवत होतं. गाडी बोरी अरबच्या अलीकडच्या तांड्यावरच्या किसनसिंग आडे यांच्याकडून घेतली होती. व्यवहाराच्या वेळी वामनरावांनी दुसरी चावी मागितली होती. किसनसिंग म्हणाला होता, एकच आहे. मग वामनरावांनी त्यावरून भाव खाली आणला होता आणि किसनसिंगने एका शब्दानेही वाद घातला नव्हता. वामनरावांना तेव्हा आपण चांगला सौदा केला असं वाटलं होतं.

तरी कुंदाने फोन लावला. तिने काय झालं ते सांगितलं आणि विचारलं, घरात कुठे चुकून दुसरी चावी राहिली आहे का, एकदा पाहाल का.

पलीकडून नुसता कोंबड्यांचा आवाज येत होता.

"हॅलो?"

"ऐकून राह्यलो मॅडम," किसनसिंग म्हणाला. "फोनवर नाही सांगता येत. तुम्ही तांड्यावर या."

कुंदा एसटीने गेली. वामनराव दुकान सोडून येऊ शकत नव्हते, आणि तिलाही एकटंच जायचं होतं. फाट्यावर किसनसिंग मोटरसायकल घेऊन उभा होता. साठीच्या जवळचा, अंगाने सडसडीत, डोक्याला टॉवेल बांधलेला. तिला मागे बसवून त्याने गाडी हळू चालवली. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या.

मध्येच तो मान न वळवता म्हणाला, "चावी आहे मॅडम. तेव्हा मी खोटं बोललो."

"मग भाव कशाला कमी केला तुम्ही?"

"देता येत नव्हती," तो म्हणाला.

घर स्लॅबचं होतं. समोरच्या खोलीत वेचलेल्या कापसाचा ढीग छातीपर्यंत लागला होता, म्हणून बाज अंगणात टाकली होती. किसनसिंगची बायको रुपीबाई पाणी घेऊन आली. ठेंगणी बाई, चेहरा रुंद, चालण्यात घाई नाही. कमरेला चांदीचा छल्ला होता. त्यात कोठीची चावी, कपाटाची चावी, एक लहान कुलपाची चावी, आणि त्यांच्यामध्ये काळी, गुळगुळीत, बटनं असलेली गाडीची चावी. कुंदाने ती लगेच ओळखली. तिची हरवलेली अगदी तशीच होती. हिच्या कडा मात्र जास्त झिजल्या होत्या.

गाडी उर्वशीची होती हे कुंदाला कागदपत्रांवरून माहीत होतं. उर्वशी आडे, किसनसिंगची मुलगी. ती वारली आहे हेही माहीत होतं, कारण त्यामुळे व्यवहाराला कागद जास्त लागले होते. त्यापलीकडे तिने काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी अंगणात बसून तिला बाकीचं कळलं. उर्वशी कृषी सहायक होती. नोकरी लागल्यावर काही वर्षांनी तिने स्वतःच्या पगारातून ही गाडी घेतली. तांड्यावर गाडी चालवणारी ती पहिली मुलगी. दर शनिवारी संध्याकाळी घरी यायची. मग एका पावसाळ्यात तिला ताप आला. दारव्ह्याहून यवतमाळला नेलं, यवतमाळहून नागपूरला. नागपूरहून परत आणलं तेव्हा ती नव्हती.

कुंदाने ऐकून घेतलं. मग ती कामाचं बोलली. ही चावी थोडा वेळ मिळाली तर नवी चावी करता येते. परत आणून देईन. हवं तर काही ठेवून जाते. उर्वशीची आठवण आहे, मला कळतं, असंही म्हणाली.

"ही उर्वशीची नाई," रुपीबाई म्हणाली. "उर्वशीची तुमच्यापाशी होती. ते तुम्ही हरवली."

कुंदाने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"ही माही आहे," रुपीबाई म्हणाली.

किसनसिंगने समजावून सांगितलं. गाडी आणली त्या दिवशी नारळ फोडला, हळदीकुंकू झालं, आणि उर्वशीने दोनपैकी एक चावी आईच्या हातात दिली. याडी, ही तुही. आईला ती याडी म्हणायची, तांड्यावर सगळेच आईला याडी म्हणतात. रुपीबाईला गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. पण चावी तिने छल्ल्यात अडकवली ती अडकवली.

"शनिवारी आली का ती गाडी बंद करे," रुपीबाई म्हणाली, "अन् मी घरातून उघडो. ती पुन्हा बंद करे, मी पुन्हा उघडो. चुलीपुढं बसल्या बसल्या. ती बाहेरून वरडे, याडी, बॅटरी जाईन." तिने चावीवरून अंगठा फिरवला. "गाडी विकाले काढली तेव्हा यायनं मले विचारलं, चावी देतं का. म्यां म्हटलं, गाडी विका. माही चावी कायले विकता?"

"चालू आहे का अजून?" कुंदाने विचारलं.

रुपीबाईने बटन दाबलं. चावीवर बारीक लाल दिवा लागला.

"सेल टाकला मागं," किसनसिंग म्हणाला. "बोरीच्या घड्याळवाल्याकून."

कुंदाला आता मागायचं धाडस होईना आणि न मागता परत जायचंही नव्हतं. यवतमाळला गाडी दारासमोर तशीच उभी होती. तिने सगळं पुन्हा एकदा, सोपं करून सांगितलं. चावी गाडीजवळ न्यावी लागते. माणूस येतो, यंत्र लावतो, गाडीला नवी चावी ओळखायला शिकवतो. जुन्या चावीला काही होत नाही.

"किती वेळ?"

"अर्धा तास."

"मंग मी येतो," रुपीबाई म्हणाली. "चावी माह्याजवळच राहीन."

किसनसिंगने तिच्याकडे पाहिलं. गाडी विकल्यापासून तिने ती पाहिली नव्हती. ज्या दिवशी वामनराव गाडी न्यायला आले होते त्या दिवशी ती शेतात निघून गेली होती आणि अंधार पडल्यावर परतली होती, हे त्याने नंतर कुंदाला सांगितलं. तेव्हा तो फक्त म्हणाला, "पाहून घे. जमन का?"

"कायले नाई जमणार," रुपीबाई म्हणाली आणि आत चहा ठेवायला गेली.

ठरल्या दिवशी दोघं सकाळच्या एसटीने यवतमाळला आले. रुपीबाईने नवं लुगडं नेसलं होतं. छल्ला कमरेला होताच. कुंदाने वर घरात चला म्हटलं, पण ती दुकानाच्या पायरीपाशी थांबली. गाडी तिथून दिसत होती. मग ती गाडीजवळ गेली आणि हात न लावता एकदा भोवती फिरली. मागच्या काचेतून आत पाहिलं.

"सीटाचे कव्हर बदलवले," ती म्हणाली.

"हो. फाटले होते."

"फाटले नव्हते."

कुंदाला आठवलं. खरोखरच फाटले नव्हते. जांभळ्या रंगाचे होते आणि वामनरावांना तो रंग आवडला नव्हता.

"ते काय केले?" रुपीबाईने विचारलं.

"टाकून दिले."

रुपीबाईने मान हलवली आणि पायरीवर येऊन बसली.

अमर आला. त्याने गाडीत बसून स्टिअरिंगखाली वायर जोडली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. मग रुपीबाईला म्हणाला, "मावशी, चावी द्या जरा."

रुपीबाईने छल्ला सोडला नाही. त्यातून एकटी चावी काढली आणि दिली. अमरने बटनाला लावल्यावर गाडी सुरू झाली. इतक्या दिवसांनी इंजिनाचा आवाज आला तसे वामनराव दुकानाबाहेर आले. अमरने गाडी बंद केली, थोडा वेळ पडद्यावर काहीबाही दाबलं आणि मग कुंदाला खुणेने जवळ बोलावलं. वामनरावही गेले.

"मॅडम, आता असं आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "मी गाडीच्या मेमरीतून सगळ्या चाव्या काढून टाकतो. मग समोर जेवढ्या असतीन तेवढ्या नव्यानं शिकवतो. हरवलेली आपोआप बाद होते, कोणाले सापडली तरी गाडी नेता येत नाही. तुमच्यासाठी दोन नव्या शिकवू का एक नवी अन् एक त्यायची?"

"दोन नव्या," वामनराव म्हणाले. "त्यांची बाद कर. परत दे त्यांना, त्यांना पाहिजे तर. पण बाद करून."

"मी बी तेच म्हणतो," अमर म्हणाला. "त्यायले काही कळत नाही. दिवा तसाच लागते. गाडी तर इकडं राहते."

कुंदाने पायरीकडे पाहिलं. रुपीबाई रस्त्यावरून जाणारी माणसं पाहत होती. किसनसिंग तिच्या बाजूला उभा राहून कोणाशी तरी फोनवर मजुरांबद्दल बोलत होता.

"त्यांना सांगितलं होतं, चावीला काही होत नाही म्हणून," कुंदा म्हणाली.

"अगं, पण गाडी आपली आहे," वामनराव म्हणाले. ते रागावले नव्हते, नेहमीसारखे मुद्दे मांडत होते. "उद्या गाडी चोरीला गेली तर विमावाले पहिले चाव्या मागतात. काय सांगशील? एक तांड्यावर आहे? त्यांच्यावर माझा संशय नाही. पण त्यांच्या घरी दहा लोक येतात-जातात. आणि आपण काही हिसकावून घेऊन राह्यलो का? चावी त्यांचीच राहील. फक्त चालणार नाही. तशीही ती कुठं चालवणार आहेत?"

यातलं काहीच चूक नव्हतं, हे कुंदाला कळत होतं. ती स्वतः त्यांच्या जागी असती तर हेच म्हणाली असती. अमर बोट पडद्याजवळ धरून थांबला होता.

"दोन मिनिटं थांब," ती त्याला म्हणाली.

ती पायरीवर जाऊन रुपीबाईच्या शेजारी बसली. अमर काय म्हणाला ते तिने सगळं सांगितलं. सगळ्या चाव्या आधी पुसल्या जातात. मग ज्या हव्या त्याच परत शिकवतात. तुमची शिकवली नाही तर ती गाडीसाठी चावी राहणार नाही.

"दिवा लागन?" रुपीबाईने विचारलं.

"लागेल. पण गाडी उघडणार नाही."

"तुमचे साहेब काय म्हणते?"

"बाद करा म्हणतात. चोरीची भीती वाटते त्यांना."

"अन् तुम्ही?"

"मी तुम्हाला विचारायला आले."

समोरून एक ऑटो गेला, त्यात शाळेची मुलं कोंबलेली होती. रुपीबाई तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिली.

"न सांगता केली असती तर मले समजलं नसतं," ती म्हणाली.

"नसतं समजलं."

"मंग कायले सांगतलं?"

"तुम्ही मला चावी आहे म्हणून दाखवली," कुंदा म्हणाली. "लपवली असती तर मला समजलं नसतं."

रुपीबाई जराशी हसली, तेही तोंडाच्या एकाच कोपऱ्यातून. मग म्हणाली, "बंद चावी मले नको. ते कमरेले कायले लटकवू? चालू ठेवत असान तर ठेवा. नाई तर ठेवून घ्या तुमच्यापाशीच, मी काही म्हणणार नाही. गाडी तुमची आहे."

कुंदा उठून गाडीकडे गेली.

"एक नवी कर," ती अमरला म्हणाली. "आणि एक त्यांची."

"कुंदा," वामनराव म्हणाले.

"दुसरी नवी कशाला घ्यायची? माझी पुन्हा हरवली तर दुसरी कुठे आहे ते मला माहीत आहे. बोरीला तर मी दर आठवड्याला जाते."

"हा काय हिशेब झाला?"

"स्वस्तातला," कुंदा म्हणाली.

वामनराव दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून आत गेले. गिऱ्हाईक खरंच आलं होतं.

अमरचं काम त्याने सांगितलेल्या वेळेपेक्षा थोडं लांबलं. मध्ये एकदा यंत्र अडकलं, त्याने ते बंद करून परत सुरू केलं. शेवटी त्याने कुंदाला नवी चावी दिली. कुंदाने बटन दाबलं, गाडी सुरू झाली. तिने ती बंद केली.

"आता मावशी, तुम्ही दाबा," अमर म्हणाला. "पाहू द्या बरोबर बसली का."

रुपीबाईने चावी हातात घेतली. ती गाडीकडे गेली नाही, उलट दोन पायऱ्या चढून दुकानाच्या दाराशी, जरा लांब उभी राहिली. बटन दाबलं. दिवे चमकले, कुलपं खटकन लागली, बाजूचे आरसे आत वळले. दुसरं बटन दाबलं. आरसे बाहेर आले, कुलपं उघडली. मग तिने गाडी पुन्हा बंद केली. पुन्हा उघडली. अमरने वायर गुंडाळत असताना वर पाहिलं. किसनसिंग समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी वाचत होता. ती पाटी वाचायला इतका वेळ लागण्यासारखी नव्हती.

रुपीबाईने चावी छल्ल्यात परत अडकवली. "चालते," ती म्हणाली.

कुंदाने त्यांना जेवायला थांबवलं. जेवण झाल्यावर एसटीची वेळ टळली होती, म्हणून ती त्यांना गाडीने सोडायला निघाली. किसनसिंग मागे बसला. रुपीबाई पुढे बसली आणि तिने न सांगता बेल्ट ओढून लावला. शहर संपल्यावर रुपीबाई आपणहून बोलू लागली. उर्वशी फार वेगाने चालवायची. तिला हॉर्न वाजवायची सवय नव्हती, त्यावरून बाप चिडायचा. एकदा बोरीच्या बाजारातून बकरीचं पिल्लू मागच्या सीटवर टाकून आणलं आणि मग आठवडाभर गाडी धूत होती. कुंदा ऐकत होती आणि मध्ये मध्ये हं म्हणत होती. बोलताना रुपीबाईचा आवाज कुठेही बदलला नाही. एकदाच, एका वळणावर, ती म्हणाली, "इथं हळू घ्या. इथं ढोरं येते." कुंदाने गाडी हळू केली. ढोरं नव्हती.

तांड्यात गाडी शिरली तेव्हा एका ओट्यावर बायका बसल्या होत्या. त्यांतली एकजण गाडी पाहून उठून उभी राहिली आणि तशीच उभी राहिली. रुपीबाई उतरली. दार लावलं. त्या बाईला ती तांड्याच्या गोरबोलीत काहीतरी म्हणाली आणि मग कुंदाला ऐकू जावं म्हणून मराठीत म्हणाली, "चष्म्यावाल्या बाई आहेत. बोरीत बसते." ती बाई परत बसली.

कुंदा चहाला थांबली नाही. तिला उजेडात यवतमाळला पोचायचं होतं.

पुढच्या आठवड्यापासून तिचं काम पूर्ववत सुरू झालं. पांढरकवड्याच्या दवाखान्यात लोक साचले होते. तब्येत कशी आहे म्हणून डॉक्टरांनी विचारलं, तिने बरी आहे म्हणून सांगितलं. चावी आता ती गळ्यात अडकवू लागली होती. चष्म्याला लावायच्या दोरीत.

संक्रांतीच्या थोडं आधी बोरी अरबच्या बाजारात ती दुपारपर्यंत डोळे तपासत होती. काम संपवून पेटी घेऊन गाडीपाशी आली तर गाडी उघडी होती. आपण सकाळी बंद केली होती याची तिला खात्री होती. तिने पेटी खाली ठेवून आत पाहिलं. मागच्या सीटवर एका जुन्या पोत्यात तुरीच्या हिरव्या शेंगा होत्या, पोतं सुतळीने बांधलेलं. बाकी काही हललं नव्हतं. डॅशबोर्डवर तिने ठेवलेली टोलची सुट्टी नाणीही तशीच होती. तिने आजूबाजूला पाहिलं. बाजार भरात होता आणि ओळखीचं कोणी दिसलं नाही.

घरी येऊन तिने वामनरावांना सांगितलं. शेंगा कोवळ्या होत्या. काही उकडल्या, काही सोलून दुसऱ्या दिवशी सोलेभात केला. वामनरावांना सोलेभात फार आवडतो. त्यांनी दोनदा वाढून घेतला. जेवून हात धुतल्यावर ते चपला घालून बाहेर गेले आणि स्टिअरिंगला लावायचं कुलूप घेऊन आले. पिवळ्या रंगाचं, लोखंडी, जड.

"कोणी काही टाकून जाईल तर जाऊ दे," ते म्हणाले. "पण गाडी तरी कोणी नेऊ नये."

कुंदाने ते आठवडाभर लावलं. प्रत्येक वेळी काढायला आणि घालायला दोन्ही हात लागत आणि खांदा दुखे. मग तिने ते डिकीत ठेवून दिलं. वामनरावांनी पुढे कधीतरी त्याबद्दल विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आहे ना गाडीत."